काविळीचं औषध देणारं घर

"मटण कधीपासून चालंल, काकी?"

"आधी डोळं बघ आरशात. हळकुंडं झाल्यात हळकुंडं, आणि ह्यो मटण मागतोय."

अंगणातली माणसं हसली. विचारणारा तरुणही हसला. त्याच्यामागे बसलेली त्याची बायको म्हणाली, "काकी, दोन महिनं सांगा की. तेवढाच माझ्या हाताला आराम."

"एकवीस दिवस," आई म्हणाली. "तेल न्हाई, तिखट न्हाई. भाकरी, ताक, ऊस. आणि दारूचा नुसता वास जरी आला, तर ह्या दारात परत पाय ठेवायचा न्हाई. कर हात पुढं."

त्याने हात पुढे केले. आईने पाल्याचा रस त्याच्या तळहातांना, मनगटांना चोळला आणि दोन्ही हात पितळी परातीतल्या चुन्याच्या निवळीत बुडवले. पाणी हळूहळू पिवळं झालं. बघणाऱ्यांनी माना हलवल्या. "उतरली," कोणीतरी म्हणालं.

आमच्या घरात काविळीचं औषध होतं. आजीला तिच्या सासूने दिलेलं, आजीने आईला. रविवारी आणि बुधवारी सकाळी, उपाशीपोटी. विट्यापासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव, पण माणसं जत-कवठ्यापासून यायची, मुक्कामाच्या एसटीने येऊन देवळात झोपायची. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत हा नियम होता. नारळसुद्धा घ्यायचा नाही. कोणी पाया पडायला वाकलं तर आई मागे सरायची, तरी लोक पडायचेच. गुरवाच्या इंदूकाकीच्या हाताला गुण आहे, असं तालुकाभर बोललं जायचं.

परातीतला पिवळेपणा रसाचा आणि चुन्याचा असतो, माणसाचा नसतो, हे मला कॉलेजात असताना कळलं होतं. बहुतेक काविळी विश्रांतीने आणि पथ्याने आपोआप उतरतात, हेही पुढे वाचलं. मी पुण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वाचण्याला तोटा नाही. आईला यातलं मी काही सांगितलं नव्हतं. ती लबाड नव्हती. स्वतःच्या मुलांना खोकल्याला सुद्धा डॉक्टरकडे नेणारी बाई होती ती. फक्त कावीळ तिच्या अखत्यारीत होती.

त्या रविवारी गर्दी ओसरल्यावर मालन आली. गावची आशा कार्यकर्ती. हातात वही, खांद्याला पिशवी.

"काकी, शुक्रवारी शाळेत शिबिर हाय. काविळीची रक्ततपासणी आणि लस. पहिलं नाव तुमचं लिहू?"

"माझं?" आई परात विसळत होती. "मी त्या रांगेत उभी राहिले तर लोक म्हणतील, काकीलाच झाली कावीळ. मग बुधवारी इथं कोण येणार? तू?"

"तशी न्हाई ओ काकी. ही रक्तातली असती. डोळं पिवळं होत न्हाईत, काय न्हाई. वर्षानुवर्षं गुमान बसून राहती."

"आमच्या घरात न्हाई बसत. तुझ्या आजेसासूला विचार. औषध देणाऱ्या घराचा उंबरा कावीळ ओलांडत न्हाई."

मालनने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी सांगा. तुम्ही पुण्याच्या, तुमचं ऐकतील."

मी ओट्यावर बसून मुक्ताचा फ्रॉक शिवत होते. मुक्ता माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. परीक्षेसाठी वडिलांजवळ पुण्यातच होती. फ्रॉकवरून नजर न उचलता मी म्हणाले, "करून घ्यायला काय हरकत आहे, आई."

मी ते कसं म्हणाले हे मला नीट आठवतं. जेवताना कोणाला अजून एक घास घ्या म्हणावं, तसं. तो घेणार नाही हे ठाऊक असताना.

"तू गप," आई म्हणाली. "तुला आमच्या गावचं काय पटलंय आजवर? पहिल्या बाळंतपणाला सुद्धा आली न्हाईस." मग मालनला, जणू तिने हे कधी ऐकलंच नव्हतं, "बाज विणून घेतलेली नवी. दोन किलो डिंक आणलेला. बाळंतिणीची खोली सारवून बसले मी. आणि जावयाचा फोन, पुण्यातच करायचं ठरलंय म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरात न्हाई झालं असं आमच्या सात पिढ्यांत न्हाई. बाया विचारायच्या, काय झालं गं, पोरीला घर लहान पडतंय व्हय? काय सांगू?"

मालन संकोचून हसली. मी दोरा दातांनी तोडला. या विषयावर मी कधीच काही बोलायचे नाही. आईलाही उत्तर नकोच असायचं. बोलून झालं की ती दुसरं काहीतरी काढायची.

"पोलकं बघ कसं ढगळ झालंय," ती म्हणाली. "शैल्याच्या लग्नात नवी चार शिवून घेणार."

शैलेश माझा धाकटा भाऊ. सडकेला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता. मग शिक्षण सोडून त्याने हे दुकान टाकलं. ऋतुजाशी लग्न ठरून महिना झाला होता. संध्याकाळी तो आला तेव्हा आई मुलीकडच्यांना साडी कुठली घ्यायची यावर बोलत होती आणि तो मोबाइलवर ऋतुजाशी बोलत होता. आई म्हणाली, "तिला सांग, सासू लई खाष्ट हाय." तो फोनवर म्हणाला, "आई म्हणतीय, सासू लई गरीब हाय." आईने त्याला चप्पल दाखवली. जेवताना तिने अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवली. भूक नाही म्हणाली. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि पुढे जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती दोरीवर लुगडं वाळत घालत होती. मी चहाची भांडी घासत होते. लुगड्याचं एक टोक तिच्या हातात होतं, ते तिने सोडलं नाही. तशीच खाली बसली.

"उजू, पोटात काय तरी फुटलं गं."

मी हसणार होते. तेवढ्यात तिचं तोंड दिसलं. चुन्यासारखं पांढरं.

शेजारच्या बापूंच्या जीपमधून आम्ही तिला मिरजेला नेलं. दीड तास. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात गार आणि घामाने चिकट. शैलेश पुढे बसून दर पाच मिनिटांनी मागे वळून विचारायचा, "आई, बरं वाटतंय का?" तासगावच्या पुढे तिने डोळे उघडले. म्हणाली, "परात पालथी घातलीस का? मांजर तोंड घालंल." मी घातली म्हणाले. घातली नव्हती. त्यानंतर ती बोलली नाही.

दवाखान्यात तिला आत नेलं. शैलेशला रक्त आणायला पाठवलं. तो पिशव्या घेऊन धावत आला, पुन्हा पाठवलं, पुन्हा धावत आला. चारच्या सुमाराला एका तरुण डॉक्टरांनी आम्हा दोघांना एका लहान खोलीत बोलावलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर आदल्या महिन्याचं पान होतं. मी तेच बघत होते.

"लिव्हरमध्ये गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "मोठी आहे. ती फुटलीय. पोटात रक्तस्राव होतोय. आम्ही प्रयत्न करतोय, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

"कसली गाठ?" शैलेशने विचारलं. "काल तर चांगली होती. काल तीस लोकांना औषध दिलंय तिनं."

"कसलं औषध?"

"काविळीचं."

डॉक्टरांनी समोरचा कागद थोडा वळवला. "कॅन्सर दिसतोय. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलंय. काविळीचाच एक विषाणू. माणूस बाहेरून धडधाकट असतो आणि हा आत तीस-चाळीस वर्षं राहतो. अशा माणसाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. गाठ दोन सेंटिमीटरची असताना दिसली तर बऱ्याचदा काढता येते. त्यांची कधी झाली होती?"

"सोनोग्राफी? नाही," शैलेश म्हणाला. "आणि हे आमच्या घरात शक्यच नाही."

"घरात आणखी कोणाला हिपॅटायटिस बी आहे का? कोणाला माहीत होतं?"

"नाही," शैलेश म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडला की मलाच दचकायला झालं. आपण काय बोललो ते मला पुढचं वाक्य ऐकून झाल्यावर कळलं. डॉक्टर सांगत होते, की मुलांची तपासणी करून घ्या, लवकरात लवकर, बऱ्याचदा हा आईकडून मुलांना जन्मताना मिळतो. मी मान हलवत होते. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

हेच वाक्य मी साडेसहा वर्षांपूर्वी पुण्यात ऐकलं होतं. तिसरा महिना होता. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या तपासण्या सांगितल्या आणि त्यांतली हिपॅटायटिस बीची पॉझिटिव्ह आली. बाई शांत होत्या. घाबरू नका, म्हणाल्या. एकत्र जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने हा पसरत नाही. रक्तातून, जन्मातून, नवराबायकोच्या संबंधांतून जातो. नवऱ्याला तपासा, नसेल तर लस द्या. बाळाला जन्मल्यापासून बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं द्यायची, एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडं. हे दुसरं इंजेक्शन सगळीकडे मिळत नाही, आधी मागवून ठेवावं लागतं, म्हणून बाळंतपण इथेच करा. मग त्यांनी विचारलं, "आई आहे तुमची? भाऊ-बहीण?"

"आई आहे. भाऊ आहे."

"त्यांना सांगा तपासायला. तुम्हाला बहुधा आईकडूनच आलंय. तिलाही ते माहीत नसणार. तिचा काही दोष नाही त्यात, हे तिला आधी सांगा."

मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, लस घेतली. मुक्ता जन्मली तेव्हा तिला तासाभरात दोन्ही इंजेक्शनं मिळाली. वर्षाची झाल्यावर तपासलं, ती पूर्ण सुरक्षित होती. आणि मी? मी शहाण्या मुलीसारखी दर सहा महिन्यांनी जात राहिले. रक्त द्यायचं, टेबलावर पडायचं, पोटावर गार जेल लावून घ्यायचं, आणि पडद्यावर बघत राहायचं. "एकदम स्वच्छ," असं डॉक्टर म्हणायचे. सहा वर्षांत बारा वेळा. बाराही वेळा त्या टेबलावर पडल्या पडल्या मला आईची आठवण आली. बाराही वेळा उतरून पोट पुसलं, साडी नीट केली आणि घरी आले.

सांगायला मी एकदा गेले होते. पाचव्या महिन्यात. मुद्दाम रजा काढून, मनात वाक्यं जुळवून. पोचले तो बुधवार होता. अंगण भरलेलं. मला बघून आई निवळीचे हात तसेच घेऊन उठली, कोरड्या मनगटाने माझ्या पोटाला स्पर्श केला आणि बायकांना म्हणाली, "हिच्या पोराला कावीळ शिवायची न्हाई. औषधवाल्या घरचं रक्त हाय." बायका हसल्या. एकीने माझी दृष्ट काढत बोटं कानशिलावर मोडली. मी दोन दिवस राहिले, पोळ्या लाटल्या, आणि परत आले. "तुझ्या रक्तातून मला आलंय" हे वाक्य त्या बाईला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. धडधाकट तर आहे, म्हटलं. एवढी शिकलेली मी, पण हे असलं स्वतःला सांगत राहिले.

साडेपाचला आई गेली.

शववाहिकेत शैलेश माझ्या समोर बसला होता. मधे ती. तासगाव गेल्यावर तो म्हणाला, "गावात हार्ट अटॅक सांगायचं."

मी आईच्या अंगावरची चादर नीट केली.

"ऐकलंस का, ताई? त्या रिपोर्टचं कोणाला बोलायचं नाही. लोक काय म्हणतील? स्वतःची कावीळ बरी झाली नाही आणि आमच्या हाताला चुना लावत बसली. आयुष्यभराचं नाव आहे तिचं. आणि तो रिपोर्ट चुकीचा आहे, मला माहीत आहे. एवढ्या घाईत कोणाचं रक्त कोणाच्या बाटलीत गेलं असेल. आईला कावीळ? वेड लागलंय त्यांना."

"तू तपासून घे," मी म्हणाले.

"कशाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मग रडला. दिवसभरात पहिल्यांदा. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. ड्रायव्हर आहे, म्हणून मी गप्प राहिले.

दोन दिवसांनी बुधवार आला. माणसं येऊन अंगणात बसली. त्यांना कळलं नव्हतं. शैलेशने त्यांना ताक पाजून परत पाठवलं. शुक्रवारी शाळेत शिबिर झालं. मालन त्या दिवशी दारावरून गेली, पण आत आली नाही. नवव्या दिवशी मी शैलेशला पुन्हा म्हणाले, तपासून घे. त्याने हातातला तांब्या खाली ठेवला. "ताई, एकदा सांगितलं ना. तुला का एवढी घाई लागलीय मला आजारी पाडायची?"

तेराव्याला ऋतुजाकडची माणसं आली. तिचे वडील क्षीरसागर आप्पा, आई आणि ती स्वतः. जेवणं झाली, गाव पांगलं. सोप्यात आप्पा, त्यांची बायको, शैलेश आणि आमचे थोरले काका, तात्या, एवढेच उरले. मी चहा ठेवायला आत गेले. मागोमाग ऋतुजा आली. डी.एड. झालेली, बारीक आवाजाची मुलगी. न सांगता तिने कपबशा धुवायला घेतल्या.

"ताई, काकींना फार त्रास झाला का हो शेवटी?"

"नाही. लवकर संपलं."

"मला म्हणाल्या होत्या, लग्नानंतरच्या पहिल्या बुधवारी तुला शेजारी बसवणार, पाला ओळखायला शिकवणार." तिने कप उपडा घातला. "अजून एक म्हणाल्या होत्या." ती थोडी लाजली. "वर्षाच्या आत नातू पायजे म्हणाल्या. आणि पहिलं बाळंतपण माहेरीच कर बाई, आमच्या उजूसारखं पुण्याबिण्याला जाऊन बसू नको."

मी गॅस बारीक केला. चहा वर येऊन उतू गेलाच.

"राहू दे," ती म्हणाली, "मी पुसते."

तिच्या वाकलेल्या मानेकडे मी बघत होते. तेवीस वर्षांची असेल. तिच्या लग्नाच्या पोलक्यांची मापं याच घरात कुठेतरी लिहून ठेवलेली होती.

बाहेरून तात्यांचा आवाज आला. "वर्षाच्या आत उरकायला पायजे बघा, आप्पा. न्हाईतर मग तीन वर्षं थांबा. तवर आमच्या शैल्याचं केस जाईल."

"गेल्यात की निम्मं," आप्पा म्हणाले.

दोघं हसले. तेरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं. मी ट्रे घेऊन बाहेर गेले. आप्पांच्या मांडीवर पंचांग होतं. "पुढच्या महिन्याची एकवीस," ते म्हणाले. "त्यानंतर एकदम दिवाळीनंतरच हाय."

"एकवीसच धरा," तात्या म्हणाले. "काय रं?"

शैलेशने मान हलवली.

आप्पांची बायको कप घेताना हळहळली. "काकींच्या हातनं झालं असतं तर. पण हार्टचा त्रास त्यांना आधीपासनं होता का ओ?"

"नाही," शैलेश म्हणाला. "एकदम आला."

"एकदमच," तात्या म्हणाले.

माझ्या हातात ट्रे होता. त्यावर एक कप उरला होता, माझा.

"हार्ट नव्हतं," मी म्हणाले.

शैलेशने वर पाहिलं. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ताई, साखर कमी आहे ह्यात. जरा डबा आण आतून."

"आईला लिव्हरचा कॅन्सर होता," मी म्हणाले. "तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता. रक्तातली कावीळ. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं."

तात्या म्हणाले, "काय बोलतीस उजे? तुझ्या आईला?"

"रिपोर्ट चुकला होता," शैलेश आप्पांना म्हणाला. त्याचा आवाज वर गेला होता. "घाईत झालं सगळं. ताईला धक्का बसलाय, झोप नाही तिला—"

"चुकला नव्हता. मलाही आहे."

कोणीतरी कप खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हातात ओलं फडकं.

"जन्मताना आईकडून येतं," मी म्हणाले. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. "शैलेश, तूही तिच्याच पोटचा आहेस. एकवीस तारखेच्या आधी रक्त तपास. नसलं तर लस घे. असलं तरी मरत नाही कोणी लगेच, पण लक्ष ठेवावं लागतं. दर सहा महिन्यांनी. मी ठेवते." मग मी दाराकडे वळले. "ऋतुजा, तू आपली तपासणी कर आणि लस घे. तीन डोस असतात. मिलिंदने घेतली, त्याला काही झालं नाही. मुक्ताला जन्मल्याबरोबर दिली, तिला काही नाही. त्यासाठीच मी इथे बाळंतपणाला आले नव्हते. आप्पा, लग्न मोडू नका. पण हे केल्याशिवाय लावू नका."

आप्पांनी पंचांग मिटलं. त्यांची बायको माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. मला काय झालंय ते शोधत असल्यासारखी.

"तुझ्या मुलीच्या वेळी?" ती सावकाश म्हणाली. "म्हणजे तुला हे कळून किती दिवस झाले?"

"सहा वर्षं."

शैलेश उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. नऊ वर्षं झाली या गोष्टीला. तो ओरडला नाही. लहानपणी काही समजलं नाही की माझ्याकडे यायचा, पुस्तक पुढे करून, तसा माझ्या जवळ आला.

"ताई," तो म्हणाला. "आईला माहीत होतं?"

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग?"

तात्या म्हणाले, "शैल्या, बस खाली." तो बसला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ट्रे खाली ठेवला.

"मी तिला सांगितलं नाही," मी म्हणाले. "मला माहीत होतं, आणि मी आईला सांगितलं नाही."